अक्कलदाढ: दुखतेय एक, काढायला सांगतायत चार

खारीबिस्किट
मंडळी, सल्ला हवाय. वय ३१, मुक्काम भांडुप. डावीकडची खालची अक्कलदाढ अर्धी बाहेर, अर्धी हिरडीखाली. अधूनमधून तिच्यामागची हिरडी सुजते, गिळताना कानापर्यंत कळ जाते आणि तोंड उघडत नाही. मागच्या आठवड्यात वडापाव हातात घेतला तर तो तोंडात जाईचना. शेवटी पाव वेगळा, वडा वेगळा, चटणी बोटाने, असं खाल्लं. वडापाववाला माझ्याकडे बघत होता. अँटिबायोटिक घेतलं की शांत, काही महिन्यांनी पहिले पाढे पंचावन्न.

आता डॉक्टरांनी पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी काढायला लावला. बघून म्हणाले, चारही काढून टाका, एकदाच काय ते होऊन जाईल. खर्चाचा आकडा ऐकून दुखायचं थांबलं थोडा वेळ.

बाकीच्या तीन अजिबात दुखत नाहीत हो. उजवीकडची खालची आडवी होऊन हाडात गाडलेली आहे, ती तोंडात दिसतच नाही. वरच्या दोन सरळ आल्यात. घरात दोन तट पडलेत. बायको म्हणते, एकदाच सोक्षमोक्ष लाव. आई म्हणते, चांगली दाढ कोण उपटून घेतं? तुम्ही काय केलंत?

बदलापूर_स्लो
आहे तेवढी तरी राहू द्या की राव.

अर्धाचहा
हा विनोद पहिल्या प्रतिसादात येणारच होता. उरकला, आता पुढे चला.

पश्चिमरेषा
मी चारही एकदम काढल्या, पूर्ण भूल देऊन. सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. पश्चात्ताप शून्य. तोंड दोन्ही बाजूंनी सुजलं होतं आणि ऑफिसच्या कॉलवर कॅमेरा बंद ठेवावा लागला, पण एकाच रजेत काम झालं. तुकड्यातुकड्यात करायचं म्हटलं असतं तर पहिली काढल्यावर उरलेल्या तिघींसाठी मी परत गेलोच नसतो.

मेडिक्लेमच्या भरवशावर मात्र राहू नका. बहुतेक पॉलिसींत अपघात सोडला तर दातांचं काम बसत नाही. दाखल व्हायच्या आधीच विचारून घ्या, नंतर वाद घालण्यात अर्थ नसतो.

तिखटजाळ
विरुद्ध बाजू मांडतो. मलाही कॉलेजात असताना असंच सांगितलं होतं, चारही काढ. नाही काढल्या. आज चाळिशी ओलांडली, चारही जागेवर आहेत आणि त्यांनीच मटण चावतोय. मुंबईत दर दोन इमारतींमागे एक दवाखाना, जागेचं भाडं डोळे पांढरे करणारं, खुर्चीचा हप्ता वेगळा. तो कोणाच्या जबड्यातून वसूल होणार? दुखत नसेल तर हात लावू नये, एवढं साधं आहे.

दंतमंजन
खुर्चीच्या हप्त्याचा उल्लेख झालाच आहे तर हजेरी लावते. मी डेंटिस्ट, ठाण्याला प्रॅक्टिस.

तिखटजाळदादा, तुमच्या चारही सरळ, पूर्ण बाहेर आलेल्या आणि ब्रश पोहोचेल अशा दिसतायत. अशी दाढ मीही काढणार नाही. पण खारीबिस्किट यांची डावीकडची दाढ वेगळी आहे.

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. तोवर बाकीच्यांनी जागा पकडलेली असते. लोकलमध्ये तीन जण बसलेल्या बाकावर चौथा ‘जरा सरका’ म्हणत टेकतो ना, तशी ती तिरकी टेकते. पुढच्या दाढेला रेलून अर्धवट बाहेर आली की तिच्या डोक्यावर हिरडीची झडप राहते. त्या झडपेखाली अन्न अडकतं, जंतू वाढतात, सूज येते. मग वरची दाढ त्याच सुजलेल्या हिरडीवर आपटते आणि आणखी सूज. शेजारचे चावायचे स्नायू आखडले की तोंड उघडत नाही. हेच तुमचं वडापाव प्रकरण. औषधाने जंतू कमी होतात, झडप तिथेच राहते. म्हणून ते परत परत होणार.

तेव्हा डावीकडची खालची काढा, यात फार चर्चेला जागा नाही. बाकी तिघींचा विचार एकेक करून व्हायला हवा. ‘चारही’ हा निर्णय एका वाक्यात होत नसतो.

मुलुंडची_मावशी
डॉक्टरताई, झडप कापून टाकली तर? आमच्या भाच्याची कापली होती.

दंतमंजन
मावशी, दाढ सरळ असेल आणि तिला वर यायला जागा असेल तर तसं करतात. तिरक्या दाढेवर हिरडी बहुधा पुन्हा चढते. मग परत सूज, परत खर्च.

टेम्सकाठी_ठाणेकर
इकडे इंग्लंडमध्ये नाइस या सरकारी संस्थेने २००० सालीच सांगितलंय की ज्या अडकलेल्या अक्कलदाढेला काही आजार नाही ती नुसती खबरदारी म्हणून काढू नका. हिरडी एकदा सुजली तेवढ्यावरही नाही, फारच गंभीर असेल तर गोष्ट वेगळी. दुसऱ्यांदा सुजली की मग काढायचा विचार करा, असं त्यात आहे. त्या हिशोबाने खारीबिस्किटची डावी बसते, बाकीच्या तीन बसत नाहीत.

तिखटजाळ
घ्या! खुद्द साहेबाने सांगितलं. आता तरी ऐका.

दंतमंजन
साहेबाचं पुढचंही ऐका. त्या सल्ल्यानंतर तिथे लोक अक्कलदाढ ठेवू लागले आणि काहींची तिच्या पुढची दाढ मागच्या बाजूने किडून येऊ लागली. तिरकी अक्कलदाढ पुढच्या दाढेला जिथे टेकते तिथे ब्रश जात नाही. कीड आत वाढते आणि दुखेपर्यंत कळत नाही. यावरून तिथल्याच दंतवैद्यांमध्ये वाद आहे. सरसकट काढणं जसं चूक, तसंच ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ हेही. कीड दुखायला लागते तोवर बरीच आत गेलेली असते.

मुलुंडची_मावशी
आमच्या ह्यांचं अगदी हेच झालं. अक्कलदाढ कधी दुखली नाही. दुखली ती तिच्या पुढची, तीही ऐन दिवाळीत, चकली चावताना. एक्स-रेमध्ये दिसलं, पुढच्या दाढेला मागून भोक. अक्कलदाढ काढली, मग पुढचीचं रूट कॅनल, मग वर कॅप. बिनकामाच्या दाढेपायी कामाची दाढ गेली म्हणायची. आणि हे अजून दोष देतात चकलीला! भाजणी मी केली होती, म्हणून स्पष्टीकरण देतेय.

अर्धाचहा
मावशी, भाजणीचं प्रमाण द्या. धागा सार्थकी लागेल.

मुलुंडची_मावशी
विपूत, म्हणजे माझ्या पानावरच्या विचारपुशीत, विचार रे. इथे दातांचं चाललंय.

गोरेगावकर_गप्प
मी सहसा लिहीत नाही, पण कोणी नसेबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो.

माझी खालची आडवी दाढ काढली. काम उत्तम झालं, डॉक्टरही अनुभवी. पण भूल उतरायची वेळ झाली तरी खालचा ओठ आणि हनुवटीची अर्धी बाजू जागी झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुखत काही नव्हतं. चहा पिताना ओघळ हनुवटीवरून शर्टावर जायचा आणि समोरच्याने सांगेपर्यंत मला पत्ता नसायचा. दाढी करताना कापलं तर आरशात लाल दिसल्यावर कळायचं. हळूहळू मुंग्या यायला लागल्या, डॉक्टर म्हणाले हे चांगलं लक्षण. बऱ्याच महिन्यांनी संवेदना परत आली, ओठाच्या कडेला एक ठिपका अजून किंचित बधिर आहे.

सही करायच्या कागदावर हे सगळं छापलेलं होतं. मी वाचलं होतं आणि समजूनच सही केली होती. तरी वाचणं वेगळं आणि शर्टावर चहा सांडणं वेगळं. माझी दाढ पुन्हा पुन्हा पिकत होती, त्यामुळे मी आजही काढेनच. पण न दुखणारी, हाडात गाडलेली दाढ ‘एकदाच होऊन जाईल’ म्हणून काढायला कोणी सांगितलं तर आधी नस कुठे आहे ते विचारा.

दंतमंजन
हा प्रतिसाद माझ्या दवाखान्यात लावावा असा आहे.

खालच्या जबड्याच्या हाडात एका नळीतून नस जाते, ओठ-हनुवटीची संवेदना तिच्याकडे. अक्कलदाढेची मुळं कधी त्या नळीला खेटून असतात. ओपीजीत नळीची पांढरी रेघ मुळापाशी तुटलेली दिसली किंवा मूळ तिथे काळपट दिसलं तर आम्ही सीबीसीटी म्हणजे त्रिमितीय स्कॅन सांगतो. बधिरपणा बहुतेकांचा जातो, थोड्यांचा कायम राहतो. जिभेची नसही जवळच असते. नस फारच चिकटलेली असेल तर दाढेचा वरचा भाग कापून मुळं आत तशीच ठेवायची, हाही एक मार्ग आहे.

म्हणून खारीबिस्किट, उजवीकडच्या गाडलेल्या दाढेसाठी दोन गोष्टी विचारा: नळी किती जवळ आहे, आणि दाढेभोवती गाठीसारखी काळी सावली दिसतेय का. गाठ असेल तर दुखत नसली तरी काढावी लागते, नाहीतर ती हाड पोखरते.

दर्यावर्दी
जहाजावर असतो. आमच्याकडे नियम उलटा. घरी असताना जिच्यावर संशय, ती काढूनच निघायचं. आमच्या एका खलाशाची अक्कलदाढ मधल्या समुद्रात सुजली. पुढचं बंदर येईपर्यंत अँटिबायोटिक, मिठाच्या गुळण्या आणि स्वयंपाकघरातल्या लवंगा. ताप चढला, गाल टम्म, पेज स्ट्रॉने ओढत होता. रेडिओवरून डॉक्टर जमिनीवर बसून सल्ला देतात, पण दाढ रेडिओवरून निघत नाही.

मुंबईत राहणाऱ्याला हे लागू नाही. तुम्हाला खाली उतरलं की डेंटिस्ट.

पश्चिमरेषा
ते ‘खाली उतरलं की’ खरंय. आमच्या इमारतीतच दोन आहेत, त्यांचं आपसात पटत नाही.

चष्मेवाली
माझ्या लेकीला ब्रेसेस काढल्यावर सांगितलं की अक्कलदाढा येऊन पुढचे दात परत वाकडे करतील, आधीच काढा. वय १८. हे खरं आहे का?

दंतमंजन
या कारणासाठी सहसा नाही. अक्कलदाढेच्या ढकलण्याने पुढचे दात वाकडे होतात याला अभ्यासांतून भक्कम आधार मिळालेला नाही. ज्यांना अक्कलदाढ आलीच नाही त्यांचेही खालचे दात वयानुसार दाटी करतात. लेकीला रिटेनर, म्हणजे ब्रेसेसनंतर दात जागेवर धरून ठेवणारं साधन, न चुकता लावायला सांगा, त्याने जास्त फरक पडेल.

मात्र एक्स-रेमध्ये दाढ स्पष्ट अडकलेली दिसत असेल तर लवकर काढण्यात फायदा असतो. त्या वयात मुळं पुरती तयार नसतात आणि हाड जरा लवचिक असतं. चाळिशीत तेच काम जास्त वेळ खातं आणि बरं व्हायलाही उशीर लागतो.

चष्मेवाली
रिटेनर! तो कंपासपेटीत असतो.

बदलापूर_स्लो
खर्चाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून बोलतो. मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर डेंटल आहे. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. खासगीच्या मानाने पैसे किरकोळ. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, मग एक्स-रे, मग सर्जरी विभागात तारीख. वेळ जातो, रजा जाते. माझी शिकाऊ डॉक्टरने काढली, बाजूला मॅडम उभ्या. त्या मुलीने प्रत्येक पायरी मला सांगून केली. ‘आता दाब येईल. आता ड्रिलचा आवाज येईल. आता कडकन वाजेल, घाबरू नका, दाढेचे दोन तुकडे करतोय.’ वाजलं तसंच, डोक्यात आतून. दुखलं काहीच नाही. माझ्यापेक्षा तीच जास्त घामाघूम होती.

तिखटजाळ
म्हणजे शिकाऊ डॉक्टरांना सरावासाठी जबडा द्यायचा?

बदलापूर_स्लो
खासगीतला डॉक्टर काय पोटातून शिकून आला होता?

दंतमंजन
खासगीचीही एक गोष्ट सांगते. छोट्या दवाखान्यांत अवघड अक्कलदाढ बहुधा आम्ही स्वतः काढत नाही, ओरल सर्जनला बोलावतो. तो ठरलेल्या वारी येतो, एकाच दिवशी चारपाच दवाखाने करतो. यात वाईट काही नाही. पण कोण काढणार आहे आणि नंतर त्रास झाला तर फोन कोणाला करायचा, हे आधी विचारा. तुमचा हक्क आहे.

कोकणातला_जावई
काढल्यावर खायचं काय ते सांगा, बाकी सगळं डॉक्टर बघतील.

मुलुंडची_मावशी
मऊ भात, मेतकूट, तूप. कोमट करून. आटवल, मुगाचं कढण, शिरा. पहिल्या दिवशी गार दही. रवाळ, कुरकुरीत काही नको, खोबऱ्याचा कीस आणि तीळ तर नकोच नको, ते त्या खड्ड्यात जाऊन बसतात.

कोकणातला_जावई
आणि माशांचं काय? ओले बोंबील चालतील? कालवण तिखट नाही करणार.

अर्धाचहा
जावईबापूंनी दाढ काढायचीय की जेवायला जायचंय?

कोकणातला_जावई
दाढ सासरच्या गावचा डॉक्टर काढणार आहे, म्हणून विचारलं.

दंतमंजन
बोंबील चालतील, काटा बघून, दोनतीन दिवसांनी. त्यापेक्षा महत्त्वाचं: पहिले २४ तास चूळ भरायची नाही, थुंकत बसायचं नाही, स्ट्रॉ नाही, सिगारेट नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तीच जखमेचं झाकण. ती निघाली की खालचं हाड उघडं पडतं, त्याला आम्ही ड्राय सॉकेट म्हणतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, कानापर्यंत ठणका आणि तोंडाला घाण वास, तर तेच. घाबरायचं नाही, दवाखान्यात जायचं. धुऊन लवंगतेलाच्या औषधाची पट्टी भरतात, लगेच आराम पडतो. २४ तासांनंतर कोमट मिठाच्या गुळण्या, हळुवार.

रक्त पातळ करायच्या गोळ्या कोणी घेत असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना आणि आम्हाला, दोघांनाही सांगा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या चालू असतील तर तेही आवर्जून सांगा.

गोरेगावकर_गप्प
आणखी एक. हनुवटीखाली, जिभेखाली सूज पसरायला लागली, थुंकी गिळता येईना, श्वासाला त्रास, ताप, तर घरी लवंग दाबून बसू नका. रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. आमच्या शेजाऱ्यांचं थोडक्यात निभावलं.

दंतमंजन
बरोबर. आणि तोंड उघडत नाही म्हणजे अक्कलदाढच, असंही धरू नका. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू, न दुखता बंद होत जातं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण माझ्या खुर्चीवर बसणाऱ्यांना ती कोणी सांगितलेली दिसत नाही. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गालाच्या आत पांढरे पट्टे वाटत असतील, तर अक्कलदाढेला दोष न देता तपासून घ्या.

तिखटजाळ
आत्ता ऑफिसात सगळे तोंडात बोटं घालून बसलेत, तुमच्यामुळे.

अर्धाचहा
कोणाची किती गेली?

तिखटजाळ
माझी तीन. साहेबांची दोनच. साहेब मावा खातात. सांगू कसं?

दंतमंजन
धाग्याची लिंक पाठवा.

खारीबिस्किट
सगळ्यांचे आभार. इथले प्रश्न एका कागदावर लिहून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, ओपीजी घेऊन. कागद बघून त्या हसल्या, पण एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं.

डावी खालची काढायची, नक्की. उजवीकडच्या गाडलेल्या दाढेची मुळं नळीच्या फार जवळ आहेत, गाठ नाही, पुढच्या दाढेला कीड नाही. तिला हात लावायचा नाही, ठरावीक काळाने एक्स-रे काढून बघत राहायचं. वरची उजवी सरळ आहे, ब्रश पोहोचतो, राहू दे. पण वरची डावी काढा म्हणाल्या! खालची गेली की तिला चावायला समोर कोणी राहणार नाही, ती खाली उतरत येईल आणि गाल चावला जाईल, किंवा खालच्या हिरडीवर आपटेल. हे बरोबर आहे का, दंतमंजनताई? म्हणजे बायको निम्मी जिंकली, आई निम्मी.

दंतमंजन
बरोबर आहे. सगळ्यांच्याच वरच्या उतरतात असं नाही, पण तुमची आत्ताही हिरडीवर आपटत असणार. सरळ वरची दाढ काढणं बहुधा सोपं असतं, त्याच बैठकीत निघेल. एकाच बाजूचं काम असल्याने दुसऱ्या बाजूने जेवताही येईल.

तिखटजाळ
चारातल्या दोन वाचल्या. माझी फी कुठे पाठवताय?

पश्चिमरेषा
कधी काढताय? सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, त्या हिशोबाने रजा टाका.

खारीबिस्किट
सर्जन फक्त शनिवारी येतात. म्हणजे सोमवार-मंगळवार रजा. एचआरने ‘नुसत्या दाढेला दोन दिवस?’ असं विचारलंय.

पश्चिमरेषा
सोमवारी सकाळी कॅमेरा चालू ठेवून एकदा कॉलवर या. पुढचं एचआर बघेल.